रुचाच्या नावाआधीची रेघ

खुशबूच्या संसारात सात वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग कारंज्याच्या एका लग्नात रुचा भेटली.

भेटली म्हणजे जेवणाच्या रांगेत अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली. मोतिया रंगाची साडी, खांद्यापर्यंत कापलेले केस, बरोबर नवरा आणि दोन गुटगुटीत मुलं. तिनं संयमकडे पाहिलं आणि ओळखीचं हसून म्हणाली, "काय संयमजी, अजून तीच चष्म्याची फ्रेम?" संयमही हसला आणि चष्मा काढून रुमालानं पुसू लागला. आता हा माणूस चष्मा पुसतो तो फक्त ओशाळला की, हे मंगरूळपीरच्या बाजारात दुसऱ्या कोणाला ठाऊक नसलं तरी त्याच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं. खुशबूच्या ताटातली गट्ट्याची भाजी तशीच राहिली. वर रिसोडच्या आत्यानं कानाशी लागून उरलीसुरली भूक मारली. "हेच ते रुचा. तुह्या संयमची गोठ हिच्यासंगं पार साखरपुड्यापर्यंत गेलती."

परतीच्या वाटेवर गाडी अर्ध्या रस्त्यात येईस्तोवर खुशबू गप्प बसली. एवढा वेळ गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे संयमला काय ते कळायला हवं होतं. पण त्यानं रेडिओ लावला.

"तिले तुमची फ्रेम कशी काय ठाऊक?" खुशबूनं रेडिओ बंद करत विचारलं.

"पाहाले गेलतो तवा हेच होती."

"आन सात वर्षं ध्यानात राह्यली?"

"काळी फ्रेम हाय खुशबू. काळी फ्रेम कोणाच्याबी ध्यानात राह्यते."

"मले पाहाले आलते तवा कोणती होती, ते मले आठवत नाई," खुशबू म्हणाली, आणि हे आपल्याविरुद्धच जातंय हे लक्षात आल्यावर आणखीच चिडली.

मत्सर हा प्रकार असा की त्याला खायला फार लागत नाही. एक फ्रेम आणि एक हसू एवढ्यावर तो महिनाभर आरामात जगला. खुशबू पोळ्या लाटताना रुचाच्या केसांचा विचार करी, दुकानात मोतिया रंगाचा तागा दिसला की तो मागच्या फळीवर ढकलून देई. एकदा तर एका गिऱ्हाइकाला तिनं तो रंग दोन धुण्यांत विटतो म्हणून सांगितलं. संयम हिशेब अर्धवट टाकून बघतच राहिला.

एवढ्यावर भागलंही असतं. पण घरात परिचय बँक होती.

संयमचे आजोबा सुगनचंद यांनी चाळीस वर्षं समाजातल्या लग्नाळू मुलामुलींची माहिती गोळा केली होती. नाव, गाव, शिक्षण, उंची, मामाचं घराणं. आधी ती लाल कापडाच्या वहीत असे. पुढं संयमचा पुण्याचा चुलतभाऊ मयंक यानं एक जुना कम्प्युटर आणून दुकानामागच्या खोलीत बसवला. पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसना कंटाळून त्यानं त्यात लिनक्स घातलं होतं. माउस नाही, चित्रं नाहीत, नुसता काळा पडदा आणि त्यावर टाइप करायचे हुकूम. भिंतीवर साडीच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवून मयंकनं त्यावर स्केचपेननं पाच हुकूम लिहून दिले होते. यादी पाहायची तर हे, छापायचं तर हे, पुसायचं तर आरएम. सुगनचंदजी सत्तरीत तेवढं शिकले. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि तोवर त्यांच्या हाताखाली मदत करणाऱ्या संयमच्या गळ्यात अख्खी बँक पडली.

बँकेचा नियम एकच. लग्न जमलं की फाइल पुसायची. जमलेल्या पोरीची माहिती दुसऱ्या कोणाच्या हातात पडू नये, असं सुगनचंदजींचं म्हणणं होतं.

आणि एका सकाळी संयमला चहा द्यायला खुशबू मागच्या खोलीत गेली तर पडद्यावर मुलींची यादी होती. साठ-सत्तर नावं असतील. वरची सगळी पडद्याबाहेर सरकून गेली होती, शेवटची वीसेक तेवढी दिसत होती, आणि त्यात मधोमध बाकी सगळ्या नावांपेक्षा वेगळं एक नाव होतं. नावाआधी छोटी आडवी रेघ, आणि मग रुचा.

संयमनं घाईघाईनं काहीतरी टाइप केलं आणि पडदा कोरा झाला.

हे तो नेहमीच करी. खुशबू खोलीत आली की पडदा कोरा. लग्न झाल्यापासून. आजवर तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण पोरींची माहिती खाजगी ठेवायची हे तिलाही पटत होतं. त्या दिवशी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"रुचाचं लगन होऊन पाच वर्षं झाली. दोन पोरं हायेत तिले. फाइल काहून हाय?"

संयमनं चष्मा काढला. "पुसत नाई ते."

"तुमी पुसत नाई का ते पुसल्या जात नाई?"

"पुसल्या जात नाई. खरंच. लय खेपा पुसून पायली. मशीन ऐकतच नाई."

"बाकी पोरींच्या पुसते, आन तिचीच पुसत नाई?"

"आता तुले कसं सांगू," संयम म्हणाला, आणि रुमाल शोधू लागला.

जगात इतकी कारणं आहेत. काम होतं, विसरलो, राहूनच गेलं. त्यातलं एकही न देता या माणसानं मशीनवर ढकलावं, याचा खुशबूला सगळ्यात जास्त राग आला. जिला मनातून काढता येत नाही तिची फाइलही म्हणे निघत नाही! तिनं चहाचा कप तसाच परत नेला. त्यात पुढल्या आठवड्यात मयंक येणार होता. बँकेतल्या झाडून सगळ्या फायली तो समाजाच्या नव्या वेबसाइटवर चढवणार होता. म्हणजे वाशीम जिल्ह्यातल्या प्रत्येक जैन घरात लोक मोबाइलवर पाहणार की संयमनं रुचाचं नाव अजून जपून ठेवलंय, तेही नावाला काहीतरी खूण करून. रिसोडच्या आत्याला तर वर्षभर पुरेल एवढा ऐवज.

पण खुशबूला खरी भीती वेबसाइटची नव्हती. सात वर्षं ती या माणसाच्या शब्दावर डोळे मिटून चालली होती. भाव किती, गाडी कधी येणार, डॉक्टर काय म्हणाला, तो सांगेल ते खरं. त्यातला एक शब्द खोटा निघाला तर बाकीच्यांचं काय करायचं, हे तिला कळेना.

मंगळवारी संयम माल आणायला अकोल्याला गेला. दुकान एक ते चार बंद. खुशबूनं मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि पुठ्ठ्यावर बघत एकेक अक्षर टाइप केलं. आधी हुकूम, मग जागा, मग रेघ, मग रुचाचं नाव. एंटर दाबलं.

मशीननं इंग्रजीत तीन ओळी सुनावल्या. पहिल्या ओळीत 'इनव्हॅलिड' हा शब्द होता. तो वाचून खुशबू थांबली. पुन्हा टाइप केलं, पुन्हा त्याच तीन ओळी. रेघ सोडून टाइप केलं तर म्हणे अशी फाइलच नाही. रेघेसकट नाव अवतरणात घातलं, तरी पुन्हा त्याच तीन ओळी. म्हणजे नवरा खरं बोलत होता? की त्यानं आणि मयंकनं मिळून ती फाइल मुद्दाम अशी करून ठेवली होती, कोणी पुसू नये म्हणून? पहिल्या विचारानं तिला बरं वाटायला हवं होतं, पण तिनं दुसराच धरला. तिनं मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला आणि समोरच्या गल्लीत मंजूकडे गेली.

मंजू इंझोरीजवळच्या तांड्यावरची. आईबाप दर हिवाळ्यात ऊसतोडीला जात, आणि ही मावशीकडे राहून शिकली. आता ती गावात इंटरनेटची जोडणी देणाऱ्याकडं सगळी मशीनं सांभाळत होती. अख्ख्या मंगरुळात काळ्या पडद्याला न भिणारी ती एकटी बाई, आणि ब्लाउजपीस घ्यायला खुशबूकडेच येणारी. तिनं फोटो मोठा करून पाहिला आणि तिला हसू आवरेना.

"भाभी, हे मशीन तुमाले सांगूनच राह्यलं का कसं पुसाचं ते."

"कुठं?"

"दुसऱ्या ओळीत. वाचा न."

खुशबूनं वाचलं. मशीन म्हणत होतं, असं नाही, तर असं करून बघा, म्हणजे ही फाइल निघेल. आणि पुढं आख्खा हुकूम लिहून दिला होता:

rm ./-rucha

"कवापासून सांगून राह्यलं असंल बिचारं," मंजू म्हणाली. "पयल्या ओळीत नाई म्हणलं का पुढचं कोणी वाचत नाई."

मग तिनं कारण समजावलं. "कम्प्युटरले हुकूम देला का ते काम कसं कराचं, ते आपण त्याच्यापुढं रेघ मारून सांगतो. आता नावच रेघेनं सुरू झालं त त्याले वाटते हे बी हुकुमातलंच हाय. नाव त्याले दिसतच नाई. मंग नावाच्या पयले टिंब आन तिरपी रेघ लावाची. टिंब म्हणजे इथलीच. इथली रुचा म्हणलं का त्याले समजते, हे कोणाचं तरी नाव हाय."

"इथली कायले?" खुशबू ताडकन म्हणाली. "ते कारंज्याची हाय."

मंजूनं तिच्याकडं नीट पाहिलं. बाई हुशार होती, विचारलं काही नाही. एवढंच म्हणाली, "मशीनले गाव नाई समजत भाभी. पण नावाआंधी रेघ मारली कोणं? चुकून नाई पडत ते. अशा अजून किती हायेत ते पाहून घ्या एकडाव." आणि एका चिठ्ठीवर तिनं नुसत्या रेघवाल्या फायलींची यादी काढायचा हुकूमही लिहून दिला.

परत येताना खुशबूच्या डोक्यात तोच प्रश्न घोळत होता. रेघ कोणी मारली? बाकी कुठल्याही पोरीच्या नावाला नाही, हिच्याच नावाला. आवडत्या ओळीखाली माणूस रेघ ओढतो, तशी ही नावापुढं ओढली असणार. संयमनंच. तिला तो दिसू लागला, लग्नाआधीचा, काळ्या फ्रेमचा, या खुर्चीत बसून रुचाच्या नावाला खूण करणारा. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरात हे सांगू शकेल असं एकच माणूस होतं, सुगनचंदजींच्या पत्नी भंवरीबाई. पण खुशबू गेली तेव्हा दादीजी नुकत्याच सामायिकाला बसल्या होत्या. पांढऱ्या आसनावर, तोंडावर मुहपत्तीचं कापड, समोर घड्याळ. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. तेवढ्या वेळात संसारातला एक शब्द बोलायचा नाही. खुशबू समोरच्या पाटावर बसली. रुचाचं नाव जिभेच्या टोकावर आणि घड्याळाचा काटा जागचा हलेना. पंधराव्या मिनिटाला तिनं एक सुस्कारा टाकला. तिसाव्या मिनिटाला उठून उगाच पाणी पिऊन आली. अशा वेळी मन शांत ठेवायचं असतं हे तिलाही शिकवलेलं होतं, पण ज्यांनी शिकवलं त्यांच्या नवऱ्यानं कोणा रुचाची फाइल जपली नसावी.

दादीजींनी सावकाश सामायिक पुरं केलं, मुहपत्ती सोडून घडी केली, आणि म्हणाल्या, "बोल आता. फुटशील नाई त."

"दादाजी नावाच्या आंधी रेघ मारत होते का कधी? वहीत?"

"हो, मारत न. आपल्या संयमसाठी जे नावं आलते, त्याच्यात जिथं नकार झाला तिथं. नावाच्या आंधी आडवी रेघ. मंग कम्प्युटर आला तरी त्याइची सवय गेली नाई. फाइल उघडत, रेघ मारून नव्या नावानं ठेवत, जुनी पुसून टाकत."

"नकाराची रेघ?"

"मंग काय पसंतीची? पसंत पोरीच्या नावावर कोणी रेघ मारते का बाई?"

खुशबूला एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं की तिनं डब्यातला मेथीचा लाडू काढून दादीजींना दिला आणि एक स्वतः खाल्ला. नकार! म्हणजे रुचा नाकारलेली. मोतिया साडी, कापलेले केस, सगळं असून नाकारलेली. आणि संयम अक्षरन् अक्षर खरं बोलत होता, फाइल खरंच पुसली जात नव्हती. महिनाभर आपण कोणावर जळत होतो, एका नापास पोरीवर! तिला रुचाची थोडी दयासुद्धा आली, आणि ती दया फार गोड लागली.

त्याच आनंदात ती मागच्या खोलीत येऊन बसली. आता दोन मिनिटांचं काम. पुसण्याआधी नाकारलेल्यांची यादी एकदा डोळे भरून पाहावी म्हणून तिनं मंजूनं लिहून दिलेला हुकूम टाइप केला.

पाच ओळी आल्या. प्रत्येक ओळीत फाइलीची तारीख आणि नाव. डिंपल, खुशबू, प्राची, रुचा, सोनल. पाचहींच्या आधी रेघ.

खुशबूनं दुसरी ओळ पुन्हा वाचली. मग तिनं फाइल उघडून पाहिली, ती कशी उघडायची तेही आता तिला कळलं होतं. तिचंच नाव. बी.कॉम., रिसोड, उंची पाच फूट दोन इंच, मामा मेहकरचे. दुसऱ्या कोणा खुशबूची असावी अशी आशा धरायलाही जागा नव्हती.

मग तिनं तारखा पाहिल्या, आणि पाहायला नको होत्या असं तिला वाटलं. खुशबू, चार नोव्हेंबर दोन हजार अठरा. रुचा, नऊ डिसेंबर. म्हणजे आधी आपल्यावर रेघ मारली. मग महिनाभर रुचाचं चाललं. तिथं जमलं नाही तेव्हा परत आपल्याकडं आले, आणि आपण नवी साडी नेसून, हात भाजून घेत केलेल्या कचोऱ्या त्यांच्यापुढं ठेवल्या.

ती रडली नाही. तिला रडता आलं असतं तर बरं झालं असतं. आजवरचा तिचा मत्सर खेळातला होता, आता खरा आला. रुचावर आपण जळत होतो तेव्हा मनाच्या तळाशी एक खात्री होती, की काही झालं तरी निवडली गेले ती मी. ती खात्रीच निघून गेली. महिनाभराच्या त्या रुचाचा, नऊ डिसेंबरच्या आधीच्या रुचाचा, तिला हेवा वाटला.

संयम साडेचारला आला. गठ्ठे दुकानात टाकून तो मागच्या खोलीत डोकावला, आणि पडद्यावरच्या पाच ओळी पाहून दारातच थांबला.

"कोणं मारली?" खुशबूनं विचारलं. ती वळलीसुद्धा नाही.

"दादाजीनं."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

संयम स्टुलावर बसला. त्याचा हात चष्म्याकडे गेला, पण त्यानं तो काढला नाही.

"माह्या," तो म्हणाला. "तुले पायलं बी नव्हतं मी. फायलीत बी.कॉम. लिवलं होतं, आन रुचाच्या फायलीत सी.ए. मी दादाजीले म्हणलं, रिसोडचं राहू द्या."

"आन रुचाले नाई कोणं म्हणलं?"

"तिच्या घरच्याइनंच. महिनाभर वाट पाहाले लावली आन निरोप धाडला. म्हणे, मंगरूळ लहान हाय."

खुशबूचा राग क्षणभर वाट चुकला. "काहून? मंगरुळात काय कमी हाय?" मग तिला आठवलं आपण कोणावर चिडलोय. "मंग मी राह्यली होती. उरलेली."

"नाई. आयक. त्याच्यानंतर मी कोणतीच पोरगी पाहाणार नव्हतो. दादाजीनं जबरदस्तीनं वाशीमच्या परिचय संमेलनाले नेलं. मी सगळ्यात मांगच्या खुर्चीत बसलो होतो, मोबाइल पाहत. पोरी स्टेजवर येऊन आपापलं नाव सांगून राह्यल्या होत्या, आन माइक बंद पडला. तीन पोरी तशाच उभ्या राह्यल्या, माइक चालू होयाची वाट पाहत. चौथी तू. तू माइक बाजूले सारला आन बिना माइकची बोलली. मले मांगच्या खुर्चीत अक्षर न् अक्षर आयकू आलं."

खुशबूला ते आठवलं. घसा दोन दिवस बसला होता.

"घरी आलो आन म्हणलं, दादाजी, ते रेघ काढून टाका. ते म्हणे, मारलेली रेघ काढत नसतात, नवं पान घ्या. तुह्या नावाची नवी फाइल केली. साखरपुडा झाला तवा नियमानं ते पुसली. पण जुनी पुसल्याच जाईना. तीन दिवस बसलो इथं. मयंकले इचाराची लाज वाटली. त्यानं इचारलं असतं का हे रेघ कायची, त काय सांगू? म्हणून तू खोलीत आली का पडदा कोरा करत होतो. रुचासाठी नाई केला कधी. तिची बी नियमानं पुसून पायली, नाई गेली त सोडून देली. तुह्या नावाची रेघ तुले दिसू नोय म्हणून."

बाहेर कोणीतरी दुकानाचं शटर वाजवून निघून गेलं.

"रुचानं हो म्हणलं असतं त?"

हा प्रश्न विचारायचा नसतो, हे खुशबूला कळत होतं. पण विचारल्याशिवाय तिला राहवलं नसतं. संयमनं खाली पाहिलं.

"त मी संमेलनाले गेलोच नसतो."

एवढं खरं बोलायची गरज नव्हती. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, तरी तूच भेटली असती, आपलं आधीच ठरलेलं होतं, वगैरे. तसलं एखादं वाक्य तिनं आनंदानं घेतलं असतं आणि आयुष्यभर त्यावर संशय घेतला असता. हे वाक्य मात्र लागलं, चांगलंच लागलं. आणि लागता लागताच तिला कळलं की या माणसाला खोटं बोलताच येत नाही. मशीन ऐकत नाही म्हणाला होता, तर मशीन खरंच ऐकत नव्हतं. भाव, गाडी, डॉक्टर, सगळं पुन्हा जागच्या जागी आलं.

ती खुर्चीवरून उठली. "बसा इथं."

"मी?"

"रेघ तुमी माराले लावली, पुसाची बी तुमीच. मी सांगते तसं टाइप करा. आर, एम. जागा सोडा. आता टिंब."

"टिंब कायले?"

"टिंब म्हणजे इथलीच."

संयमनं टिंब दिलं. तिरपी रेघ दिली. मग आजोबांची आडवी रेघ, आणि मग बायकोचं नाव, एकेक अक्षर, चूक होऊ नये म्हणून पडद्यावर खात्री करत. एंटरच्या बटणावर बोट ठेवून त्यानं मागं पाहिलं.

"तू रागात हायेस का?"

"हाय. दाबा."

त्यानं दाबलं. काहीच झालं नाही. ना ओळ, ना आवाज. खालच्या ओळीवर नुसता पांढरा चौकोन लुकलुकत राहिला.

"काई नाई म्हणलं त्यानं," संयम घाबरून म्हणाला.

"काम झालं का ते काई म्हणत नाई. यादी पाहा."

यादीत चार नावं उरली होती. सात वर्षांची रेघ एका टिंबासरशी गेली होती, आणि संयम पडद्याकडे असा पाहत होता की खुशबूला त्याची थोडी कीव आली. ती तिनं दाखवली नाही. डिंपल, प्राची आणि सोनलही त्यानंच पुसल्या. रुचाच्या वेळी मात्र खुशबूनं त्याचा हात कीबोर्डवरून बाजूला केला.

"हे मी पुसते."

तिनं हुकूम टाइप केला, जागा सोडली, आणि टिंबापाशी तिचं बोट अडलं. इथली. या बाईला एकदा का होईना, इथली म्हणायचं जिवावर आलं होतं. दुसरा उपाय नव्हता, मंजूनं तसं सांगितलंच होतं.

"मंगरूळ लहान हाय म्हणली न ते?"

"हो."

"बरं," खुशबू म्हणाली, आणि टिंब दिलं.

मशीन याही वेळी काही बोललं नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवरच्या पुठ्ठ्यापर्यंत चढलं होतं, म्हणजे दिवस बुडायला तासभर उरला होता आणि त्याआधी जेवणं उरकायला हवी होती. खुशबू उठली, पदर खोचला. संयमनं इतका वेळ धीर धरला होता, आता चष्मा काढून तो रुमालानं पुसू लागला. दाराशी पोचलेली खुशबू थांबली.

"आन हे फ्रेम उद्या बदला."

"काहून? चांगली त हाय."

"तिनं पायलेली हाय," खुशबू म्हणाली, आणि कणीक मळायला गेली.